बोलता न येणे आणि सांगण्यासारखे काही नसणे

३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केले. ज्या समाजासाठी हे पाक्षिक निघाले त्या समाजाला वाचा होती. त्याच्या ओव्या होत्या, गाणी होती, भांडणेही होती. नव्हते ते ऐकून घेणारे. त्याच्या आदल्या वर्षी साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी आग्रह धरला होता, की अस्पृश्यांची मते दुसऱ्या कोणी मांडून भागणार नाही, प्रतिनिधी त्यांच्यातलाच हवा. या लेखाचा विषय मात्र राजकारण नाही. ज्यांच्या तोंडून खरोखरच शब्द फुटत नाहीत, अशा मुलांविषयी व प्रौढांविषयी तो आहे. तरीही ‘याच्या वतीने मी सांगतो’ असे म्हणणाऱ्याला विचारायचा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

उच्चार ही शरीराची फार नाजूक कसरत आहे. श्वास, स्वरयंत्र, जीभ, टाळू आणि ओठ यांचा मेळ क्षणार्धात जमावा लागतो. सेरेब्रल पाल्सीमध्ये, म्हणजे मेंदूच्या पक्षाघातात, स्नायूंवरचा ताबा बिघडतो व हा मेळ बसत नाही. स्वमग्नतेत कारणे निराळी असतात. अर्धांगवायूनंतर आणखी निराळी. समजणे ही मात्र स्वतंत्र क्षमता आहे. तोंडातून शब्द येत नाही म्हणून डोक्यात विचार नाही, हा निष्कर्ष तर्काला धरून नाही. पण आपल्या वस्त्यांत आणि, खेदाने म्हणावे लागते, शिक्षकांच्या खोल्यांतही तो सर्रास काढला जातो. स्टीफन हॉकिंग यांचा आवाज १९८५ मधील शस्त्रक्रियेनंतर कायमचा गेला. पुढे ते गालाच्या एका हालचालीने संगणकावर शब्द निवडत, आणि जग कान देऊन ऐकत असे. शेजारच्या इमारतीतील मुलगा मात्र ‘त्याला काही कळत नाही हो’ एवढ्या वाक्यात निकालात निघतो.

मुंबईत या निकालाला पहिले मोठे आव्हान एका आईने दिले. मिठू अलूर यांची कन्या मालिनी चिब हिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. तिच्यासारख्या मुलांना येथे योग्य शिक्षण मिळेना, तेव्हा १९७२ मध्ये अलूर यांनी ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन केली. आज ती संस्था ‘अडॅप्ट’ या नावाने ओळखली जाते. मालिनी पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालयात आणि नंतर लंडनमध्ये शिकल्या. त्यांचे बोलणे अनोळखी माणसाला चटकन कळत नाही. परंतु एका बोटाने टंकून त्यांनी आत्मकथन लिहिले आणि त्याचे नावही ‘वन लिटल फिंगर’ असेच ठेवले. ‘मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ’ या चित्रपटामागची प्रेरणा त्यांचीच. त्या घराला साधने, शिक्षण आणि इंग्रजी उपलब्ध होते हे विसरून चालणार नाही. चाळीतल्या किंवा झोपडपट्टीतल्या आईकडे जिद्द तेवढीच असते, बाकीचे नसते.

म्हणून साधनांविषयी थोडे विस्ताराने. या शास्त्राला पूरक व पर्यायी संवाद म्हणतात. तज्ज्ञ मंडळी इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एएसी’ म्हणतात. त्याचा सर्वांत साधा प्रकार म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवलेली चित्रे आणि शब्द. मूल बोटाने दाखवते. बोट वळत नसेल तर नजरेने दाखवते. तेही जमत नसेल तर मोठा माणूस एकेका चित्रावर बोट ठेवत जातो आणि हव्या त्या चित्रावर मूल डोळे मिटून किंवा हुंकाराने होकार देते. यात कौशल्य लागते ते मोठ्या माणसाला, थांबण्याचे. आपण प्रश्न विचारतो आणि उत्तराला दोन सेकंदही देत नाही. शिवाय फलक मुलाच्या पुढ्यात टाकून ते आपोआप शिकत नाही. आपण स्वतः बोलताना त्यावर बोट ठेवत राहावे लागते. तान्हे मूल बोलू लागण्याआधी वर्षभर ऐकत असते, तसेच हे.

अंधेरीहून साकीनाक्यामार्गे पवईला गेले की आयआयटी मुंबई लागते. तेथील औद्योगिक अभिकल्प केंद्राने ‘जेलो’ हे मोबाईलवरचे मोफत संवादसाधन तयार केले आहे. ते मराठीतही आहे. चित्रांच्या दोन्ही बाजूंना आवडते, नावडते, हो, नाही, आणखी, कमी अशी सहा बटणे असतात. आधी वस्तू निवडायची, मग तिच्याविषयीचे मत. मला ही रचना फार मोलाची वाटते, कारण घरी केलेल्या बहुतेक फलकांवर पाणी, जेवण, शौचालय यांची चित्रे असतात आणि ‘नको’ नसते. ज्याला नकार देता येत नाही त्याचे मागणेही आपल्याच मर्जीवर चालते.

भाषेचाही प्रश्न आहे. इंग्रजीत मुलगा काय नि मुलगी काय, क्रियापद एकच. मराठीत मुलीच्या यंत्राने ‘मी जातो’ म्हटले तर ती हसेल किंवा चिडेल, आणि दोन्ही योग्यच आहे. अभिवादनाच्या पानावर ‘नमस्ते’ असते. आपल्या घरातल्या मुलाला ‘जय भीम’ म्हणायचे असते. विहार, आत्या, भाकरी, सुके बोंबील हे शब्द आपणच घालायला हवेत. फोटो काढायचा आणि चिकटवायचा, एवढेच काम.

चित्रांची सवय लागली की मूल बोलायचे प्रयत्न सोडेल, ही पालकांची भीती समजण्यासारखी आहे. या विषयावरील संशोधनाचा २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक आढावा भरवशाच्या पुराव्यावर बेतलेला होता. त्यातील एकाही व्यक्तीचे बोलणे पूरक व पर्यायी संवादामुळे कमी झालेले आढळले नाही. बहुतेकांचे थोडेफार वाढलेच. वाक् व श्रवण दिव्यांगांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वांद्रे रेक्लमेशनवर १९८३ पासून आहे. अंधेरीच्या पालकाला ती लोकलने गाठता येते. तेथील वाचातज्ज्ञांना ही शंका अवश्य विचारावी.

एका बाबतीत मात्र सावध राहिले पाहिजे. मदतनिसाने मुलाचा हात धरून अक्षरे दाखवायची, अशी एक पद्धत १९९० च्या सुमारास पाश्चात्त्य देशांत फार गाजली. गप्प मुले एकाएकी कविता करू लागली. मग चाचण्या झाल्या: मुलाला एक चित्र दाखवले, मदतनिसाला दुसरे. लिहिले गेले ते मदतनिसाने पाहिलेले. मदतनीस लबाड नव्हते, आपला हात आपल्या नकळत चालतो आहे हे त्यांना ठाऊकच नव्हते. मुलाच्या नावावर दुसऱ्याचे शब्द जमा होणे हे मौनाहून वाईट. म्हणून साधन असे हवे, की हात धरणारा बाजूला झाला तरी चालेल.

कायदा आता या मुलांच्या बाजूने बराच स्पष्ट आहे. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्कविषयक करार मान्य केला. त्यानंतरच्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ‘संवाद’ या शब्दाच्या व्याख्येतच पूरक व पर्यायी मार्गांचा समावेश केला आणि कलम १७ नुसार शिक्षणात त्यांना चालना देणे हे शासनाचे काम ठरवले. न्यायालयाच्या भाषेतला बदल इतिहासाच्या शिक्षकाला विशेष बोलका वाटतो. भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ११९ चे शीर्षक ‘मुके साक्षीदार’ असे होते. २०१३ मध्ये ते ‘तोंडी संवाद साधू न शकणारा साक्षीदार’ असे झाले. विशेष शिक्षक किंवा दुभाष्याची मदत आणि साक्षीचे चित्रीकरण ही तरतूदही आली. बाललैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या कायद्यातही दिव्यांग मुलाची संवादाची पद्धत जाणणाऱ्या व्यक्तीचे साहाय्य घेण्याची सोय आहे.

परंतु ज्या मुलाला जबाब द्यायचा आहे, त्याच्याकडे त्या दिवसाआधीच शब्द असावे लागतात. निवासी शाळा चालवणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे अधिक गंभीरपणे घ्यायला हवे. वसतिगृहात रात्री आई नसते. ताप कोणाला आला, पोट कोणाचे दुखते, कोण कोणाला मारते हे मुले सांगतात म्हणून कळते. न बोलणाऱ्या मुलाच्या फलकावर शरीराच्या सर्व अवयवांची नावे, खासगी अवयवांचीसुद्धा, असलीच पाहिजेत. दुखते, भीती वाटते, त्याने मारले, मला घरी फोन करायचा आहे, हेही हवे. सोबत राहणाऱ्या प्रत्येकाचे छायाचित्र हवे: गृहपालाचे, स्वयंपाकीणबाईंचे, मुख्याध्यापकांचेही. फलकाच्या प्रती तीन कराव्यात: एक वर्गात, एक जेवणघरात आणि तिसरी मुलाच्या उशाशी, कारण रात्री कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे असते.