पाच डॉलरांची मैफल

सरकारी टिपणीत ‘पर्यायी प्रस्ताव’ म्हणून जो लिहिला जातो, तो बहुधा मंजूर व्हावा म्हणून लिहिलेला नसतो. मुख्य प्रस्ताव उठून दिसावा एवढ्यासाठीच त्याची योजना असते. अमेरिकेत ज्या संगीताला ‘अल्टरनेटिव्ह रॉक’, म्हणजे पर्यायी रॉक, असे म्हणतात, त्याच्या नावातील पर्याय मात्र या जातीचा नव्हता. गेली पंचवीस-तीस वर्षे मी या संगीताचा निष्ठावंत श्रोता आहे. माझे समवयस्क अधिकारी या आवडीला तारुण्यातून मागे राहिलेली एक खोड समजतात, आणि ज्यांचा कान ख्याल-ठुमरीवर पोसला आहे असे माझे वडीलधारे स्नेही तिला सरळ गोंगाटाची आवड म्हणतात. गोंगाट त्यात आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु तो कोठून उत्पन्न होतो, तो ऐकावयास किती माणसे एकत्र यावीत आणि त्यांच्याकडून किती पैसे घ्यावेत, या प्रश्नांचा या क्षेत्रातील काही मंडळींनी जितक्या गांभीर्याने विचार केला, तितका फार थोड्या कलावंतांनी केला असेल. आज बोलावयाचे आहे ते त्याविषयीच.

प्रथम नावाचा उलगडा करू. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील व्यापारी नभोवाणी केंद्रे गीतांची एक ठरावीक यादी करीत आणि तीच गीते दिवसभर फिरवून फिरवून वाजवीत. त्याच देशात विद्यापीठांच्या आवारांतून विद्यार्थ्यांनी चालविलेली छोटी केंद्रेही होती. त्यांचा आवाज पाचदहा मैलांपलीकडे क्वचितच जाई. परंतु जाहिरातदारांची मर्जी राखण्याचा प्रसंग त्यांच्यावर येत नसे, आणि म्हणून जे आवडेल ते वाजविण्याची त्यांना मुभा होती. जॉर्जिया राज्यातील अथेन्स या विद्यापीठाच्या गावी १९८० मध्ये स्थापन झालेला आर. ई. एम. हा बँड अशाच केंद्रांच्या आधाराने देशभर माहीत झाला. पुढे १९८८ मध्ये ‘बिलबोर्ड’ या व्यापारी साप्ताहिकाने या प्रकारच्या गीतांची वेगळी क्रमवारी छापण्यास प्रारंभ केला. तात्पर्य, हा पर्याय होता तो नभोवाणीवरील यादीला. हे संगीत एका अर्थाने नभोवाणीचेच अपत्य होय, असे नभोवाणीवरून सांगताना मला थोडा अभिमान वाटतो.

वाद्ये जुन्या रॉकचीच : विजेची गिटार, खर्जातील बेस गिटार, ड्रम आणि कंठ. फरक होता तो वृत्तीत. झगमगीत पोशाख, वादकाने आपल्या बोटांची चपळाई दाखविण्यासाठी घेतलेली लांबलचक आवर्तने, हे या मंडळींनी टाकून दिले. बॉस्टन येथे १९८६ मध्ये निघालेल्या पिक्सीज या बँडने एक साधीच युक्ती रूढ केली. कडवे अगदी हळू, कुजबुजल्यासारखे म्हणावयाचे आणि ध्रुपदावर सर्व वाद्ये एकदम पूर्ण जोराने सोडावयाची. निर्वाणा या बँडचा गायक कर्ट कोबेन याने आपल्या सर्वांत गाजलेल्या गीतात आपण पिक्सीजचेच अनुकरण करीत होतो, असे मोकळेपणाने कबूल केले आहे. ते गीत ज्यात होते तो ‘नेव्हरमाइंड’ हा संग्रह सप्टेंबर १९९१ मध्ये निघाला आणि १९९२ च्या जानेवारीत त्याने मायकेल जॅक्सनच्या संग्रहाला खाली सारून बिलबोर्डच्या यादीत पहिले स्थान पटकाविले. पर्यायी प्रस्तावच मुख्य प्रस्ताव होऊन बसला! येथून पुढची सारी अडचण या यशातून निर्माण झाली.

परंतु तिकडे वळण्यापूर्वी त्या गोंगाटाविषयी थोडे सांगितले पाहिजे. विजेच्या गिटारीत तारांखाली चुंबक असून त्याभोवती बारीक तारेचे वेटोळे असते. तार कंप पावली की त्या वेटोळ्यात सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. तो पुष्कळ पटींनी वाढवून स्पीकरमधून ध्वनिरूपाने बाहेर काढतात. आता वादक त्या स्पीकरच्या अगदी समोर जाऊन उभा राहिला, तर बाहेर पडणाऱ्या आवाजाच्या धक्क्याने तीच तार पुन्हा कंप पावू लागते, तो कंप पुन्हा स्पीकरमधून बाहेर येतो, आणि असे हे चक्र सुरू राहते. तार कोणी न छेडता स्वर टिकून राहतो, फुगत जातो, मधूनच वरच्या स्वरावर उडी घेतो. जाहीर सभेत ध्वनिक्षेपक एकाएकी शीळ घालू लागतो आणि चिटणीस धावपळ करतात, त्यामागील शास्त्र हेच. फरक इतकाच, की सभेच्या चिटणीसाला ती शीळ बंद करावयाची असते आणि या वादकाला ती आपल्या ताब्यात ठेवून वाजवावयाची असते. वादक पाऊलभर मागे सरला किंवा त्याने वाद्य किंचित वळविले की स्वर पालटतो. दालनाची लांबीरुंदी, भिंती, समोरच्या माणसांची दाटी, या साऱ्यांचा त्यावर परिणाम होतो. म्हणून एका रात्रीचा तो स्वर दुसऱ्या रात्री जसाच्या तसा मिळत नाही. कारखान्यात तयार झालेल्या वस्तूसारखे भासणारे हे संगीत प्रत्यक्षात आपल्या बैठकीइतकेच त्या त्या जागेशी आणि त्या त्या वेळेशी बांधलेले असते.

न्यूयॉर्कच्या सॉनिक यूथ या बँडने तर गिटारीच्या तारा नेहमीच्या स्वरांवर न लावता प्रत्येक गीतासाठी निराळ्या प्रकारे जुळविण्याचा प्रघात पाडला, आणि त्यासाठी पुष्कळ गिटारी बाळगल्या. जुलै १९९९ मध्ये कॅलिफोर्नियात त्यांची वाद्यांनी भरलेली मालमोटारच चोरीस गेली. विशिष्ट वाद्य गेले म्हणजे त्यावरचे गीतही बव्हंशी गेले, असा तो प्रकार होता. एखाद्या गवयाचा जुळून बसलेला तंबोरा जावा, तशी काहीशी ही हानी म्हणता येईल.

गोंगाटाखाली काही सत्त्व आहे की नाही, ही शंका ज्यांना येते त्यांना मी निर्वाणाची १८ नोव्हेंबर १९९३ ची न्यूयॉर्कमधील मैफल ऐकावयास सांगतो. दूरचित्रवाणीसाठी झालेल्या या कार्यक्रमात नेहमीचा विजेचा मारा बाजूला ठेवून चौदा गीते एकाच बैठकीत सादर झाली. त्यांपैकी सहा इतरांची होती, आणि ज्या गीताने कीर्ती मिळवून दिली ते मुळीच म्हटले गेले नाही. पुढील एप्रिलमध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, कोबेनने मृत्यूला कवटाळले. त्या घटनेची छाया मैफलीवर मागाहून पडली. ती वजा करूनही ही मैफल मला या साऱ्या परंपरेतील उत्तम कृती वाटते.

आता श्रोत्यांच्या गर्दीकडे येऊ. वॉशिंग्टन शहरात १९८० मध्ये उघडलेल्या ‘नाइन थर्टी क्लब’ या दालनात परवान्याप्रमाणे १९९ माणसांना प्रवेश होता आणि रंगमंचासमोरच एक खांब उभा होता. पर्यायी रॉक वाढले ते अशा दालनांत. त्याच शहरात १९८७ पासून फुगाझी या चौघांच्या बँडचे कार्यक्रम होऊ लागले. माझ्या मते या मंडळींइतका करारी बँड दुसरा झाला नाही. त्यांचा नियम असा, की तिकीट शक्यतो पाच डॉलरांचे असावयाचे आणि कोणत्याही वयाच्या माणसाला आत सोडावयाचे. अमेरिकेत हे दुसरे कलम पहिल्यापेक्षा कठीण, कारण अशी दालने मद्यविक्रीवर चालतात आणि एकवीस वर्षांखालील मुलांना दाराबाहेर ठेवतात. पाच डॉलरांत हे परवडे कसे? व्यवस्थापक नाही, बडी कंपनी नाही, ध्वनिमुद्रिका गायक इयान मॅकाय याच्या स्वतःच्या छोट्या संस्थेच्या, मुक्काम पुष्कळदा मित्रांच्या घरी. जमाखर्च चोख असला की तत्त्वे पाळणे सोपे जाते, हा कचेरीतील अनुभव येथेही खरा ठरतो. १२ जानेवारी १९९१ रोजी, आखाती युद्ध तोंडावर आले असता, त्यांनी राष्ट्राध्यक्षांच्या निवासासमोरील उद्यानात थंडीत उभे राहून युद्धविरोधी कार्यक्रम केला. त्याला तिकीटच नव्हते.

त्यांची आणखी एक रीत सांगण्यासारखी आहे. या मैफलींत रंगमंचासमोर तरुण एकमेकांच्या अंगावर आदळत नाचतात. कोणी दुसऱ्याला इजा होईल असे वागू लागला, की फुगाझी गीत अर्ध्यावर थांबवीत, त्या माणसाला नम्रपणे समज देत. तो ऐकेना तर त्याचे पाच डॉलर त्याच्या हातावर ठेवून त्याला बाहेर पोहोचवीत. पुष्कळांना हा विक्षिप्तपणा वाटे.

सिअ‍ॅटल येथील पर्ल जॅम या बँडला हीच नीती मोठ्या प्रमाणावर पाळून पाहावयाची होती. निर्वाणाच्या लाटेबरोबर तो अतिशय लोकप्रिय झाला होता. १९९४ मध्ये त्याने ठरविले, की तिकीट अठरा डॉलरांचे आणि त्यावरील विक्रीचे शुल्क एक डॉलर ऐंशी सेंटपेक्षा अधिक नाही. तिकिटे विकणाऱ्या टिकेटमास्टर कंपनीला हे मान्य होईना. तिने देशातील बहुतेक मोठ्या सभागृहांशी केवळ आपल्याच मार्फत विक्री करण्याचे दीर्घ मुदतीचे करार केलेले होते, आणि शुल्काचा काही वाटा सभागृहांकडेही जात असे. बँडने न्यायखात्याकडे तक्रार केली. ३० जून १९९४ रोजी त्याच्या दोन वादकांनी काँग्रेसच्या उपसमितीपुढे साक्ष दिली. तक्रारीतील खरे मर्म असे होते, की तिकीट विकणाऱ्याला टाळावयाचे तर सभागृहालाच टाळावे लागते. १९९५ मध्ये त्यांनी तेही करून पाहिले. गावाबाहेरची मैदाने, जत्रेच्या जागा शोधल्या. कुंपणापासून स्वच्छतागृहांपर्यंत सारे नव्याने उभे करावे लागले. त्याच जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या उद्यानात गायक एडी व्हेडर आजारीपणामुळे सात गीतांनंतर उतरला आणि पाहुणे नील यंग यांना पुढचा कार्यक्रम सावरावा लागला. पुढील महिन्यात न्यायखात्याने त्रोटक निवेदन काढून चौकशी बंद केली. १९९८ मध्ये बँड पुन्हा त्याच कंपनीच्या तिकिटांवर गाऊ लागला. या पराभवाची काही समीक्षक थट्टा करतात. मला ती रास्त वाटत नाही. ज्या कंपनीविरुद्ध ती साक्ष झाली, ती २०१० मध्ये लाइव्ह नेशन या कार्यक्रम भरविणाऱ्या कंपनीत विलीन झाली; आणि मे २०२४ मध्ये त्याच न्यायखात्याने या जोडकंपनीवर मक्तेदारीचा दावा गुदरला. त्या दोघा वादकांनी मांडलेला मुद्दा तीस वर्षांनी पुन्हा पटलावर आला.

साक्षीनंतर बरोबर सहा वर्षांनी, ३० जून २००० रोजी, डेन्मार्कमधील रॉस्किल्ड येथील महोत्सवात पर्ल जॅमचा कार्यक्रम चालू होता. पावसाने मैदान निसरडे झाले होते. रंगमंचासमोरच्या गर्दीत काही माणसे पडली. मागून येणारा रेटा थांबेना. व्हेडरने गाणे थांबवून लोकांना मागे सरण्याची विनंती केली. तोवर उशीर झाला होता. नऊ तरुण प्राणास मुकले. अशा प्रसंगी लोक ‘चेंगराचेंगरी’ म्हणतात आणि कोणी तरी पळत सुटले असावे, असे समजतात. बहुधा तसे नसते. एका चौरस मीटरात सहासात माणसे दाटली की कोणाचेच पाऊल स्वतःच्या इच्छेने पडत नाही. गर्दी पाण्यासारखी हलू लागते, लाटा येतात, आणि दाबाखाली सापडलेल्याची छाती श्वासासाठी फुलू शकत नाही. मागच्या माणसाला पुढे काय चालले आहे याची गंधवार्ताही नसते. ते दिसते फक्त उंचावर उभ्या असलेल्यांना, म्हणजे गाणाऱ्यांना. आणि मैदान अफाट असले की त्यांनाही पुरेसे दिसत नाही. बँडने युरोपातील उरलेले कार्यक्रम रद्द केले, आणि तेथील मोठ्या महोत्सवांत तो पुन्हा उतरला तो २००६ मध्ये. फुगाझींच्या त्या विक्षिप्त रीतीचा अर्थ मला या दुर्घटनेनंतर खऱ्या अर्थाने उमगला. दोनशे माणसांच्या दालनात गीत थांबविता येते, कारण कोण पडले ते दिसते.

हा प्रश्न आता आपल्याही दारी आला आहे. कोल्डप्ले हा इंग्लंडमधील बँड मूळचा याच गोत्रातला, जरी त्याच्या हल्लीच्या गीतांत मला त्या गोत्राची खूण फारशी सापडत नाही. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत त्याचे तीन कार्यक्रम झाले. त्यांची तिकिटे आदल्या सप्टेंबरात पाहता पाहता संपली आणि मूळ किमतीच्या अनेक पटींनी पुन्हा विकावयास निघाली. प्रकरण पोलिसांकडे गेले, उच्च न्यायालयातही गेले. तेथे चर्चा झाली ती बहुतेक किमतीची. मैदानात पुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला श्वास घेण्यापुरती जागा किती मिळावी, याची चर्चाही तितकीच अगत्याची आहे. आणि यात्रा, मेळे व मिरवणुका यांच्या बंदोबस्ताची सवय असलेल्या आपल्या प्रशासनाला ती परकी वाटू नये.

फुगाझींनी २००३ पासून जाहीर कार्यक्रम केलेले नाहीत. मात्र त्यांच्या एक हजाराहून अधिक मैफलींपैकी शेकडो मैफलींची ध्वनिमुद्रणे २०११ पासून श्रोत्यांना इंटरनेटवर उपलब्ध झाली. मी त्यांतील पुष्कळ ऐकली आहेत. एकच गीत दहा गावी दहा तऱ्हांनी वाजते, आणि मधूनच वाद्ये थांबतात. मॅकाय गर्दीतल्या कोणा एकाला उद्देशून शांतपणे चार वाक्ये बोलतो, उत्तराची वाट पाहतो, आणि मग ड्रमवादक पुन्हा मोजणी सुरू करतो. एका मैफलीच्या ध्वनिमुद्रणासाठी त्यांनी सुचविलेली किंमत पाच डॉलर होती.