चरबीचे निरोप आणि मधुमेह

शरीरांतील चरबी म्हणजे दुष्काळासाठीं भरून ठेविलेली कणगी, अशी आपली जुनी समजूत. परंतु ही कणगी मुकी नसून सारखी निरोप धाडीत असते, हें शास्त्रज्ञांस कळून फार काळ लोटलेला नाहीं.

१९४९ सालीं अमेरिकेंतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेंत कांहीं उंदीर असे निपजले कीं, त्यांची भूकच शमेना. त्याचें कारण उमगावयास १९९४ साल उजाडलें. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठांतील जेफ्री फ्रीडमन व त्यांचे सहकारी यांस असें आढळलें कीं, चरबीच्या पेशींतून एक द्रव्य रक्तांत उतरतें आणि "कोठार भरलें, आतां पुरे" असें मेंदूस कळवितें. त्या उंदरांत तें नीट तयारच होत नव्हतें. 'कृश' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यास लेप्टिन म्हणतात. मग स्थूल मनुष्यास लेप्टिन टोंचलें म्हणजे झालें, असें वाटेल. औषधें करणारांसही तसेंच वाटलें होतें! पण बहुतेक स्थूल माणसांच्या रक्तांत तें मुळांतच अधिक असतें. निरोप पोंचतो, मेंदू मनावर घेत नाहीं.

मधुमेहाशीं अधिक निकट संबंध ॲडिपोनेक्टिन या दुसऱ्या द्रव्याचा. त्याची रीत उफराटी. चरबी वाढली कीं तें घटतें. इन्शुलिनचा हुकूम यकृतानें व स्नायूंनीं मानावा यास तें साह्य करतें, आणि ज्यांच्या रक्तांत तें कमी, त्यांस पुढें मधुमेह होण्याचा संभव अधिक आढळतो. शिवाय फुगलेल्या चरबीच्या पेशींभोंवतीं रक्षक पेशी जमून दाह माजवितात. न मावलेली चरबी यकृतांत सांडते. स्वादुपिंड अधिकाधिक इन्शुलिन पुरवितें, आणि कांहींजणांचें तें अखेर थकतें.

तर मग चरबी मुळींच नसावी काय? ज्यांस जन्मतः ती जवळजवळ नसते, अशा विरळ रोग्यांसही तीव्र मधुमेह होतो, व लेप्टिन दिल्यानें त्यांस गुण येतो. कणगीच नसली तर धान्य घरभर सांडावयाचेंच.

"आमचा मुलगा सडपातळ, त्यास कसलें भय?" असें म्हणणाऱ्या पालकांनीं पुढील गोष्ट अवश्य वाचावी. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं 'लॅन्सेट' नियतकालिकांत स्वतःचेंच उदाहरण छापलें. उंचीच्या मानानें वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरांत चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२! पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात अर्भकें याज्ञिकांनीं मोजलीं, तेव्हां तीं सरासरी २.७ किलोग्रॅम भरलीं, इंग्लंडांतील साउदम्प्टनचीं ३.५. पुण्याकडच्या बाळांचे स्नायू बरेच कमी होते. पाठीवरील कातडीखालची चरबी मात्र त्या मानानें फारशी घटलेली नव्हती.