प्रतिमा किती मोठी? आधी सांगा, कुठं?
बीदर-औराद बस संतपूरहून सुटताना ड्रायव्हर बाजूच्या आरशात एक नजर टाकतो. हा आरसा बाहेरून फुगीर, बहिर्गोल. समजा त्याचं नाभीय अंतर ६० सेंमी आहे आणि ६ मीटर मागे मोटारसायकल आहे. गणित केलं तर तिची प्रतिमा अकरापट लहान येते. पण ती आरशाच्या आत जेमतेम ५५ सेंमीवर, डोळ्याच्या जवळ असते. म्हणून मीटरभरावर बसलेल्या ड्रायव्हरला ती सपाट आरशातल्यापेक्षा सुमारे अडीचपटच बारीक दिसते. तेवढ्यानंही गाडी लांब असल्याचा भास होतो आणि घात व्हायला तो पुरेसा आहे.

दाढीच्या अंतर्गोल आरशाचं याच्या उलट. नाभीय अंतर ५० सेंमी धरू. चेहरा २५ सेंमीवर असेल तर प्रतिमा दुप्पट, ४० सेंमीवर नेला तर पाचपट. मग मागे सरकत जावं आणि चेहरा वाढत जावा? तसं होत नाही, कारण ती पाचपट प्रतिमा आरशाच्या आत दोन मीटरवर जाऊन बसलेली असते. तेवढ्याच अंतरावरच्या सपाट आरशाशी तुलना केली तर फायदा पावणेदोन पटीहूनही कमी. शाळेत विशालनाचं सूत्र घोकून घेतात, पण पाहणाऱ्याचा डोळा कुठं आहे हे कुणी विचारत नाही. नाभीच्या पलीकडे गेलात की किरण आरशापुढे एकत्र येऊ लागतात. आधी चेहरा विरघळतो, आणि दीडेक मीटरवर गेल्यावर उलटा, निम्मा होऊन आरशापुढे हवेत दिसतो. हीच वास्तव प्रतिमा, पडद्यावर धरता येणारी.

जुन्नरजवळ गिरवलीला पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेची दुर्बीण २००६ पासून आहे. तिचा मुख्य आरसा २ मीटर व्यासाचा, अंतर्गोल. समोरच्या लहान बहिर्गोल आरशामुळे एकूण नाभीय अंतर २० मीटरपर्यंत ताणलं जातं. तिथं ३,४७४ किमी व्यासाच्या चंद्राची प्रतिमा होते सुमारे १८ सेंमीची. याला मोठं करणं कसं म्हणायचं? पण पावणेचार लाख किलोमीटरवरचा चंद्र आता कॅमेऱ्यापाशी आलेला असतो. तारे मात्र इतके दूर की त्यांचा ठिपकाच राहतो. त्यांच्यासाठी आरशाची रुंदी कामाची: डोळ्याच्या ७ मिमीच्या बाहुलीपेक्षा तो सुमारे ८० हजारपट प्रकाश गोळा करतो.