परफॉर्मन्स काउंटर आणि ऑपरेटिंग सिस्टीम

एखादा प्रोग्रॅम मंद का चालतो, हे केवळ घड्याळ पाहून कळत नाही. घड्याळ लागलेला वेळ सांगते. तो कशात गेला हे शोधण्यासाठी प्रोसेसरमध्येच परफॉर्मन्स काउंटर नावाची रजिस्टर्स बसविलेली असतात. पूर्ण झालेल्या आज्ञा, कॅशमध्ये न सापडलेली माहिती, पुढच्या वाटेबद्दल प्रोसेसरने बांधलेले व चुकलेले अंदाज अशा घटना त्यांत मोजल्या जातात. इंटेलच्या १९९३ च्या पेंटियम प्रोसेसरमध्ये असे दोन काउंटर होते.

परंतु काउंटर प्रोग्रॅम ओळखत नाही. कोअरवर जे चालेल ते तो मोजतो, आणि एका कोअरवर अनेक प्रोग्रॅम आळीपाळीने चालतात. म्हणून कोणाच्या नावावर किती, हा हिशेब ऑपरेटिंग सिस्टीमला ठेवावा लागतो. लिनक्समध्ये २००९ च्या २.६.३१ या आवृत्तीपासून कर्नलमधील 'परफ इव्हेंट्स' ही व्यवस्था हे काम करते. प्रोग्रॅम बाजूला होताना आकडा त्याच्या खात्यात जमा होतो. पुन्हा पाळी आली की मोजणी पुढे सुरू होते.

दुसरा उपयोग नमुने घेण्याचा होय. काउंटर ठरावीक संख्येनंतर भरेल असा लावला जातो. तो भरताच इंटरप्ट येतो आणि त्या वेळी कोणती आज्ञा चालू होती याची कर्नल नोंद करतो. अशा हजारो नोंदींवरून प्रोग्रॅमचा कोणता भाग जड आहे ते दिसते. मात्र इंटरप्ट पोहोचेपर्यंत प्रोसेसर थोडा पुढे गेलेला असू शकतो. त्यामुळे दोष शेजारच्या आज्ञेवर येण्याचा संभव असतो.

काउंटर थोडे आणि मोजायच्या घटना पुष्कळ, ही खरी अडचण आहे. अशा वेळी कर्नल घटनांना पाळीपाळीने काउंटर देतो. समजा, प्रोग्रॅम १० सेकंद चालला, पण एका घटनेला ४ सेकंदच काउंटर मिळाला आणि त्यात ४० कोटी घटना मोजल्या गेल्या. त्याच प्रमाणात १० सेकंदांचा आकडा १०० कोटी असा काढला जातो. ही मोजणी नव्हे, अंदाज आहे. उरलेल्या ६ सेकंदांत प्रोग्रॅमचे वर्तन बदलले असेल, तर तो चुकतो. म्हणूनच 'परफ' हे साधन अशा आकड्यासमोर किती टक्के वेळ प्रत्यक्ष मोजणी झाली तेही छापते.

सारांश, आकडा प्रोसेसरचा असला तरी त्याचा अर्थ ऑपरेटिंग सिस्टीमच्या हिशेबावर अवलंबून असतो. दोन प्रोग्रॅमांची तुलना करताना ती टक्केवारी आधी वाचावी. निष्कर्ष त्यानंतर काढावा.