पैशे कोणी घालूचे?

मालवणहून सुटलेली एसटी कट्ट्यावरून कसालला हमरस्त्याला लागते आणि थोड्याच वेळात सिंधुदुर्गनगरीला पोचते. हे नाव पाट्यांवर आणि सरकारी कागदांवर. कंडक्टर अजून ‘ओरोस’च म्हणतो. उतरणाऱ्यांपैकी काहींच्या हातात प्लास्टिकची पिशवी असते. आत आधार, रेशनकार्ड, पासबुकाची झेरॉक्स, रहिवासी दाखला आणि एखाद्या दुकानदाराचं कोटेशन. शिलाई मशीनचं, घरघंटीचं, नाहीतर सुताराच्या रंध्याचं. काम येतं आणि करायची तयारीही आहे. अडलंय ते सुरुवातीच्या खर्चापाशी. त्यावर मिळणारं उत्तर जिल्ह्यात आता सगळ्यांना पाठ आहे : आदी पैशे तुमी घाला, मगे सरकार दितला. आणि त्यावरचा प्रश्नही तितकाच पाठ आहे : आदी पैशे खंयसून हाडूचे?

हा प्रश्न जिल्ह्यापेक्षा जुना. गिरण्यांच्या काळात कोकणातला मुलगा मुंबईला निघायचा, तेव्हा बोटीच्या तिकिटाचे पैसे कुणीतरी काढून द्यायचं. भाऊच्या धक्क्यावर उतरल्यावर गावकऱ्यांच्या खोलीत वळकटी टाकायला जागा मिळायची आणि पहिला पगार हातात येईपर्यंत खानावळवाली थांबायची. अर्ज नव्हता, जामीनदार नव्हता. होती ती भावकी आणि गावाची ओळख. या व्यवस्थेचं कौतुक करताना आपण एक गोष्ट सोयीनं विसरतो. ज्याची मुंबईत खोली नव्हती, किंवा ज्याला त्या खोलीत कुणी घेतलं नसतं, तो गावातच राहिला.

सरकार या कामात मोठ्या प्रमाणावर उतरलं ते एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून. २ ऑक्टोबर १९८० रोजी तो देशभर लागू झाला आणि १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. योजना आणि जिल्हा यांच्या वयात सात महिन्यांचं अंतर. अनुदानाचं गणित सरळ होतं : अल्पभूधारकाला २५ टक्के, अत्यल्पभूधारक, शेतमजूर आणि कारागीर यांना एक तृतीयांश, अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के. बाकीचं बँकेचं कर्ज. जोडीला १९७९ सालचं ‘ट्रायसेम’ होतं : गावातल्या मुलाला धंद्याचं शिक्षण, शिकत असताना विद्यावेतन आणि अवजारांचा संच. पुढे जुलै १९९२ मध्ये ग्रामीण कारागिरांना सुधारित अवजारं देणारी ‘सिट्रा’ आली. सुमारे २००० रुपयांचा संच, त्यातले १० टक्के कारागिराचे, उरलेले सरकारचे. म्हणजे दोनशे रुपये मोजायचे आणि पेटी घेऊन घरी जायचं. आज मागे वळून पाहताना ही दोनशे रुपयांची रक्कम मला सगळ्यात शहाणी वाटते. ती माणसाला अडवत नव्हती, तरी वस्तू फुकटही होत नव्हती.

त्या काळाचे दोष झाकायचे कारण नाही. वस्तू खरेदी सरकारी, म्हणून वस्तूही सरकारी. दोन महिन्यांत वाट लागणारी शिलाई मशीन, धार न धरणारा वासला, आणि एकच म्हैस अनेक लाभार्थ्यांच्या गोठ्यात दाखवल्याचे देशभरातले किस्से. १ एप्रिल १९९९ पासून या सगळ्या योजना स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेत विलीन झाल्या. आता एकट्यादुकट्यापेक्षा बचतगटाला महत्त्व आलं आणि अनुदान कर्जाच्या शेवटाला गेलं. आधी कर्ज घ्या, नीट फेडा, मग अनुदान तुमच्या खाती जमा होईल. हेतू वाईट नव्हता. अनुदान उचलून धंदा न करणाऱ्यांना आळा घालायचा होता. पण सरकारी पैसा रांगेत पहिल्या जागेवरून शेवटच्या जागेवर गेला तो तेव्हापासून, आणि तिथून तो फारसा पुढे सरकलेला नाही.

बँकेच्या काउंटरवर कोकणचं एक खास दुखणं आहे, ते घाटावरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. सातबारा सामायिक. एका उताऱ्यावर तीस-चाळीस नावं, त्यातली निम्मी वारलेली, उरलेल्यांपैकी एक डोंबिवलीत, एक बडोद्याला, एकाचा पत्ता कुणालाच ठाऊक नाही. वारस नोंद करायची म्हटली की जुनी भांडणं उकरून निघतात. जमीन आहे, हापूसची कलमं आहेत, घर आहे, आणि तारण ठेवायला यातलं काहीच नाही. पुढे लहान कर्जं विनातारण झाली तरी ‘जामीनदार कोण?’ हा प्रश्न बरीच वर्षं टिकला. जामीनदार म्हणून लोकांना हवा असायचा शिक्षक किंवा सरकारी नोकर, कारण त्याचा पगार दिसतो. गावातल्या एकुलत्या एका गुरुजींच्या सहीला केवढी किंमत होती हे त्या पिढीला विचारावं.

२००८ साली पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम आला आणि २०१९ मध्ये राज्यानं त्याच धर्तीवर मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम काढला. केंद्राच्या योजनेत गावातल्या एखाद्या बाईनं पाच लाखांचा काजू प्रक्रियेचा प्रकल्प टाकला, तर तिचा स्वतःचा हिस्सा ५ टक्के, म्हणजे २५ हजार. अनुदान ३५ टक्के, म्हणजे पावणेदोन लाख. ऐकायला भरघोस. पण ती रक्कम तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकलेली असते, तिला हात लावता येत नाही. हातात हवेत ते २५ हजार, आणि ते बहुधा गळ्यातल्या सोन्यातून येतात. अण्णासाहेब पाटील महामंडळाच्या व्याज परताव्याचीही तऱ्हा तीच. हप्ता व्याजासकट आधी भरायचा, भरल्याचा पुरावा पोर्टलवर चढवायचा, मग व्याज परत. ‘परतावा’ हा शब्दच मुळी आधी काहीतरी भरलेल्या माणसासाठी आहे. मालवण-देवगडच्या मच्छीमारांना तो डिझेलमुळे चांगला परिचयाचा. तेल आज भरायचं, करापोटी गेलेले पैसे कधीतरी परत.

सगळ्यात मोठा बदल एका कागदानं केला. ५ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयानं राज्यात वैयक्तिक लाभाच्या योजनांमध्ये वस्तू देण्याऐवजी पैसे थेट खात्यात जमा करायचं ठरलं. जिल्हा परिषदेच्या सेसमधून महिला व बालकल्याणचे १० टक्के, मागासवर्गीयांसाठीचे २० टक्के आणि दिव्यांगांसाठीचा निधी यांतून मशीन, घरघंट्या, सायकली वाटल्या जात. आता लाभार्थ्यानं वस्तू स्वतः बाजारातून घ्यायची, बिल लावायचं, तपासणी झाली की अनुदान. ठेकेदाराची मधली साखळी तुटली, मशीन पसंतीची आली, हे मान्यच करायला हवं. पण घरघंटी घ्यायला ज्याच्याकडे पंधरा-वीस हजार रोख आहेत त्यानंच ती घ्यावी, असा त्याचा अर्थ झाला. मग दुकानदार उधारीवर द्यायला लागले, काही बायकांनी बचतगटातून उचल केली, आणि मंजुरी मिळालेल्या काहींनी खरेदीच केली नाही. मार्च संपला की निधी शिल्लक राहतो आणि लोकांना योजनाच नकोत असं बोललं जातं.

बांधकाम कामगारांचं उदाहरण तर चमत्कारिक आहे. कल्याणकारी मंडळ बांधकाम खर्चावरच्या १ टक्का उपकरातून चालतं, पैशांची ददात नाही. अवजारं घ्यायला ५००० रुपयांचं अर्थसाहाय्य मंडळाच्या योजनांत आहे. मात्र त्यासाठी नोंदणी हवी, आणि नोंदणीला वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला. थापी नसताना नव्वद दिवस गवंडीकाम कसं करावं? अर्थात गवंडी ते करतो, दुसऱ्याची थापी मागून.

हे फक्त आपल्याकडचं आहे असंही नाही. ब्रिटनमध्ये कामाला लागणाऱ्या आईला पाळणाघराचा खर्च आधी स्वतः भरून मग सरकारकडे मागावा लागे. जून २०२३ पासून तिथं नव्यानं कामाला लागणाऱ्यांना तो आगाऊ मिळू लागला. आपण मात्र ऑगस्ट २०२५ पासून पहिल्यांदा नोकरीला लागणाऱ्याला १५ हजारांपर्यंत देऊ केले ते दोन हप्त्यांत, पहिला सहा महिने नोकरी टिकल्यावर आणि दुसरा बारा महिन्यांनी. कुडाळच्या एमआयडीसीत नाहीतर गोव्यात लागलेल्या मुलाला पैसे लागतात ते पहिल्या महिन्यात : खोलीचं डिपॉझिट, बूट, पेट्रोल.

उलट्या दिशेचं एक पाऊल अलीकडे पडलं. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत अठरा धंदे आहेत, आणि ती यादी वाचताना कुणी सिंधुदुर्ग डोळ्यांसमोर ठेवून बसलं होतं की काय असं वाटतं. होडी बांधणारा, जाळी विणणारा, काथ्याचं काम करणारा, कुंभार, खेळणी करणारा. सावंतवाडीच्या लाकडी फळांपासून वेंगुर्ल्याच्या काथ्यापर्यंत सगळे यात बसतात. पाच-सात दिवसांचं प्रशिक्षण, रोजचे ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५ हजारांचं ई-व्हाउचर. पुढे हवं तर ५ टक्क्यांनी एक लाखाचं कर्ज, तेही विनातारण. रोजचे पाचशे ही बारीकशी तरतूद मला फार मोलाची वाटते, कारण आठवडा प्रशिक्षणाला बसायचं म्हणजे आठवड्याची मजुरी बुडते, हे कुणाच्या तरी लक्षात आलं. व्हाउचर म्हणजे एका अर्थी ‘सिट्रा’ची पेटीच, तीस वर्षांनी परत आलेली, फक्त ठेकेदाराऐवजी मोबाइलवरून. अर्ज ग्रामपंचायत, जिल्हा समिती आणि छाननी समिती अशा तीन चाळण्यांतून जातो, तेव्हा वेळ लागतोच.

दुपारी साडेतीनच्या सुमाराला पिशवीवाल्या बायका ओरोसच्या थांब्यावर परत येतात. कुणाचं बिल जीएसटीचं नाही म्हणून परत आलेलं, कुणाला ‘पुढच्या यादीत बघू’. गाडी येते. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. आधी पूर्ण पैसे भरा, तिकीट जपून ठेवा, मग उरलेले खात्यात जमा करू, असं कंडक्टर काही म्हणत नाही. तो मशीनचं बटण दाबतो, अर्धेच पैसे घेतो आणि पुढच्या बाकड्याकडे सरकतो.