दोन सेकंदांची जागा

"मामा, अंतर होतं की! त्यानंच एकदम ब्रेक मारला."

पेठ-सांगली रस्त्यावर टेम्पोवर आदळता आदळता वाचलेला माझा भाचा घरी येऊन हेच सांगत होता. टेम्पोसमोर कुत्रं आडवं आलं, टेम्पोवाल्यानं ब्रेक दाबला, याची मोटरसायकल घसरत घसरत फाळक्यापासून हातभरावर आली. तेवढ्यात कुत्रं पळालं, टेम्पोवाल्यानं ब्रेक सोडला आणि टेम्पो पुढं निघाला. मी विचारलं, "किती अंतर होतं?" त्यानं अंगणातल्या तुळशीपासून फाटकापर्यंत हात केला. फार तर दहा मीटर. आणि वेग? "साठ असेल."

त्याच्या त्या एका वाक्यात दुचाकीवाल्यांचे दोन सर्वांत घट्ट गैरसमज आहेत. दहा मीटर म्हणजे अंतर झालं, हा पहिला. पुढच्यानं अचानक ब्रेक मारला तर चूक पुढच्याची, हा दुसरा.

पहिल्यापासून सुरुवात करू. अंगणात उभं राहून पाहिलं तर दहा मीटर बरेच वाटतात. पण ताशी ६० किलोमीटर वेगानं जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. म्हणजे भाच्यापाशी दहा मीटर नव्हते, सेकंदाचे सहा दशांश होते. समोर काही घडलं ते डोळ्यांनी टिपायचं, धोका आहे हे मेंदूनं ओळखायचं, मग ॲक्सिलरेटरवरची मूठ सोडून बोटं ब्रेकच्या दांडीवर आणायची, पाय पेडलवर दाबायचा. एवढ्याला सावध माणसालाही सुमारे एक सेकंद लागतो. मन घरच्या किंवा कामाच्या विचारात असेल तर दीड सेकंद सहज जातो. दीड सेकंदात ६० च्या वेगानं २५ मीटर मागं पडतात आणि तोवर ब्रेक लागलेलाच नसतो. टेम्पो पूर्ण थांबला असता तर दहा मीटरमध्ये भाचा वाचण्याचं काही कारण नव्हतं. त्याला वाचवलं ते टेम्पोवाल्यानं सोडलेल्या ब्रेकनं. पण थोडक्यात वाचलेला माणूस ते श्रेय स्वतःच्या हातांना देतो, "कंट्रोल चांगला आहे" म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी तितक्याच अंतरावरून गाडी चालवतो. मला या प्रसंगातलं हेच सगळ्यात धोक्याचं वाटतं.

म्हणून अंतर फुटांत किंवा मीटरमध्ये मोजायचंच नाही. ते सेकंदांत मोजायचं. पुढची गाडी रस्त्याकडेच्या एखाद्या खांबापाशी, फलकापाशी किंवा झाडापाशी पोचली की मनात सावकाश म्हणायचं, "एक हजार एक, एक हजार दोन." हे म्हणून होण्याआधी आपण त्या खांबापाशी पोचलो, तर आपण फार जवळ आहोत. कोरडा रस्ता, दिवसाचा उजेड, गाडी ठाकठीक, अशा स्थितीत दोन सेकंद ही किमान मर्यादा. मागं कुणी बसलं असेल, पुढं अवजड गाडी असेल तर तीन. पावसात चार. या पद्धतीचं मोठं सोयीचं अंग म्हणजे वेग बदलला तरी मोजणी बदलावी लागत नाही. ४० ला दोन सेकंद म्हणजे २२ मीटर, ८० ला ४४ मीटर. हिशेब रस्ताच करून देतो.

आता कुणी म्हणेल, पुढचाही ब्रेक लावतो आणि मीही लावतो. दोघंही सारखेच थांबणार असू तर माझ्या प्रतिक्रियेपुरता एक-दीड सेकंद पुरे की! बरोबर आहे, पण पुढचा सारखाच थांबेल याची हमी कुणी दिली? तो दुभाजकावर किंवा उभ्या ट्रकवर आदळला तर ब्रेकशिवायच जागच्या जागी थांबतो. वरचा अर्धा सेकंद त्यासाठी आहे, आणि खरं तर तोही कमीच.

दुचाकीवाल्यांच्या बोलण्यात नेहमी येणारं आणखी एक वाक्य आहे: "आपली गाडी हलकी, मोटारीपेक्षा लवकर थांबते." हे खरं नाही. गाडी हलकी असली की थांबवायचा जोर कमी लागतो, पण टायरची रस्त्यावरची पकडही वजनाच्या प्रमाणातच कमी असते. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. उलट मोटारवाला घाबरून पेडलवर उभा राहिला तरी चार चाकं आणि एबीएस त्याला सरळ रेषेत थांबवतात. मोटरसायकलवर पुढच्या आणि मागच्या ब्रेकचा मेळ माणसाला स्वतः घालावा लागतो, तोही तोल सांभाळत. सरावलेला चालक मोटारीची बरोबरी करू शकतो. घाबरलेला चालक बहुधा फक्त मागचा ब्रेक दाबतो, कारण लहानपणापासून त्याला सांगितलेलं असतं की पुढचा ब्रेक दाबला की गाडी पलटी होते. वस्तुस्थिती अशी की ब्रेक लागताच गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं पडतं. थांबण्याचं निम्म्याहून बरंच जास्त काम पुढचा ब्रेक करतो. तो एकदम आवळायचा नाही, आधी हलका घेऊन पुढची फोर्क दबली की वाढवत न्यायचा. पण वाढवत न्यायला वेळ लागतो. तो वेळही त्या दोन सेकंदांतूनच मिळतो.

"माझ्या गाडीला एबीएस आहे" असंही आता ऐकू येतं. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपेक्षा मोठ्या सर्व दुचाकींना एबीएस आणि त्याखालच्यांना किमान सीबीएस, म्हणजे दोन्ही चाकांना एकत्र लागणारा ब्रेक, सक्तीचा झाला. हा नियम झाला हे फार चांगलं झालं. पण एबीएसचं काम चाक जाम होऊ न देणं आहे, म्हणजे गाडी आडवी पडत नाही आणि वळवता येते. सुट्या खडीवर किंवा मुरमावर थांबायचं अंतर त्यानं वाढूही शकतं. आणि ब्रेक लावायच्या आधी डोळे-मेंदू-हात यांनी घेतलेल्या सेकंदाला कुठलंही यंत्र हात लावत नाही.

वेगाचा हिशेब तर आणखी फसवा आहे. ६० चे ८० केले म्हणजे धोका एक तृतीयांशानं वाढला असं वाटतं. ब्रेकचं अंतर मात्र वेगाच्या वर्गानं वाढतं: चांगल्या कोरड्या डांबरावर, ब्रेक नीट लावला तर ६० वरून थांबायला २० मीटर, ८० वरून ३६. दोघांनी एकाच जागी ब्रेक लावला, तर ६० चा चालक जिथं थांबतो तिथं ८० चा अजून ताशी ५३ किलोमीटरनं जात असतो. हा आकडा मी पहिल्यांदा करून पाहिला तेव्हा पुन्हा तपासला होता. आकडा बरोबर आहे.

"ब्रेक नाही लागला तर कट मारून निघेन" ही शहरातल्या पोरांची मोठी भिस्त. कट मारायलाही प्रतिक्रियेचा तोच सेकंद लागतो. शिवाय टायरला एका वेळी जेवढी पकड आहे तेवढीच. ती ब्रेकला दिली तर वळायला उरत नाही. आणि ज्या बाजूला जायचं तिथं कोण आहे हे पुढच्या टेम्पोनं झाकलेलं असतं. डावीकडं खड्डा, उजवीकडं मागून येणारी एसटी, हे कट मारल्यावर कळून उपयोग नाही.

आता भाच्याच्या वाक्याचा दुसरा भाग. चूक कुणाची? इथं दोन उलट गैरसमज शेजारी शेजारी नांदतात. काही म्हणतात, पुढचा थांबला म्हणजे जबाबदार तोच. काही म्हणतात, मागून धडकला तो शंभर टक्के दोषी, विषय संपला. कायदा दोन्ही म्हणत नाही. पुढची गाडी अचानक मंदावली किंवा थांबली तरी धडक टळेल इतकं अंतर मागच्यानं ठेवावं, हे वाहतुकीच्या नियमांत १९८९ पासून आहे आणि २०१७ च्या नव्या नियमांतही ते राहिलं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आलेल्या एका खटल्यात ट्रकमागं दहा-पंधरा फुटांवरून जाणारी मोटार त्याच्यावर आदळली होती. ते अंतर सुरक्षित नव्हतं, म्हणून न्यायालयानं दोष मोटारचालकाचा मानला.

पण २०२५ चा एक निकाल प्रत्येक मोटरसायकलवाल्यानं जाणून घ्यावा असा आहे. २०१७ च्या जानेवारीत कोईमतूरला एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी मोटरसायकलवरून जात होता. पुढच्या मोटारीच्या चालकानं आपल्या गरोदर पत्नीला उलटी येतेय म्हणून महामार्गावर एकाएकी गाडी थांबवली. विद्यार्थी मागून धडकला, रस्त्यावर पडला आणि मागून आलेली बस त्याच्या अंगावरून गेली. त्याचा पाय कापावा लागला. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की महामार्गावर मागच्यांना इशारा न देता थांबणं हा निष्काळजीपणा आहे, कारण वैयक्तिक आणि खरं असलं तरी. जबाबदारी वाटली गेली ती अशी: मोटारचालक ५० टक्के, बसचालक ३० टक्के आणि स्वतः विद्यार्थी २० टक्के, कारण त्यानं पुरेसं अंतर ठेवलं नव्हतं आणि त्याच्याकडं वैध परवानाही नव्हता. त्याची नुकसानभरपाई तेवढ्यानं कमी झाली. म्हणजे पुढच्याची चूक मोठी ठरली, तरी मागच्याची पुसली गेली नाही. पाय तर दोन्ही हिशेबांच्या बाहेरच राहिला.

ही घटना आणखी एक गोष्ट दाखवते. धडक पुढच्या गाडीशी झाली, पण पाय गेला मागच्या गाडीनं. त्यामुळं "मागच्याची काळजी मागच्यानं घ्यावी" हे दुचाकीवर परवडत नाही. आपल्या मागं कुणी फार चिकटून येत असेल तर आपल्या पुढचं अंतर उलट वाढवायचं. मग प्रसंगी आपल्याला ब्रेक हळूहळू लावता येतो, आपला लाल दिवा मागच्याला आधीच दिसतो, त्यालाही वेळ मिळतो. जागा मिळताच त्याला पुढं जाऊ द्यावं, हे सगळ्यात बरं.

"अंतर ठेवलं की मध्ये कुणीतरी घुसतोच." हो, घुसतो. पुणे-बंगळूर महामार्गावर तर नक्की घुसतो. पण एक गाडी घुसली की आपण पुन्हा दोन सेकंद मागं येतो. नुकसान झालं ते दोन सेकंदांचं. पंधरा गाड्या घुसल्या तर अर्ध्या मिनिटाचं. ऐन गर्दीच्या वेळी शहरात दोन सेकंद मिळत नाहीत हे मान्य. तिथं वेगच इतका कमी ठेवावा की थोडी जागाही पुरेल, आणि सिग्नलला थांबताना पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील एवढं लांब थांबावं. घाटात चढावर एसटी किंवा भरलेल्या ट्रकमागं तर त्याहून लांब, कारण निघताना ती गाडी आधी थोडी मागं सरकू शकते.

मोठ्या गाडीच्या आडोशाला राहिलं की वारा लागत नाही, रस्ता मोकळा मिळतो, असं मानणारेही आहेत. ट्रकच्या मागं चिकटलेला मोटरसायकलवाला ट्रकचालकाला कुठल्याही आरशात दिसत नाही. आणि ट्रक खड्डा दोन्ही चाकांच्या मधून घेतो. तो खड्डा मागच्याच्या पुढच्या चाकाखाली निघतो, तेव्हा काही करायला वेळ नसतो. थोडं लांब आणि त्याच्या एका चाकाच्या रेषेत राहिलं, तर चालक आरशात दिसतो आणि आपणही त्याला दिसतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या अपघातांपैकी २१ टक्क्यांहून जास्त अपघात मागून धडक बसण्याचे होते. धडकेच्या प्रकारांत हा वाटा सर्वांत मोठा. त्या वर्षी रस्त्यावर गेलेल्या १,६८,४९१ जिवांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते. या दोन आकड्यांमध्ये आमच्या भागातल्या ऊस हंगामाचं चित्र मला स्वच्छ दिसतं: रात्रीची वेळ, ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, ऊस फाळक्याच्या बाहेर आलेला.

इथं "ब्रेकचा लाल दिवा दिसला की थांबेन" हा भरवसा पूर्ण निकामी होतो, कारण दिवाच नाही. अंधारात सेकंद मोजायला पुढची गाडीही दिसत नाही. तिथं अंतर ठरवतो आपला हेडलाइट. डिपर खाली असताना मळकट, न चमकणारी ट्रॉली तीस-चाळीस मीटरच्या आत आल्याशिवाय नीट ओळखू येत नाही. ६० च्या वेगात प्रतिक्रियेचे २५ आणि ब्रेकचे २० असे ४५ मीटर लागतात, म्हणजे ट्रॉली दिसली तेव्हाच उशीर झालेला असतो. ४५ च्या वेगात हेच सगळं तीस मीटरमध्ये आटपतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाळप सुरू झालं की कारखाने, आरटीओ आणि पोलीस ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम घेतात, तरी पट्ट्या चिखलानं झाकतात, निघून पडतात. आपल्या भावकीत, गल्लीत कुणाची ट्रॉली असेलच. हंगाम सुरू व्हायच्या आत तिच्या मागं लाल पट्टी आहे का ते बघावं, नसेल तर स्वतः नेऊन चिकटवावी, आणि ट्रॉलीवाल्याला सांगावं की रोज संध्याकाळी निघताना तिच्यावरून एकदा ओलं फडकं फिरव.