अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब

१९७७ साली डॅफ्नी मेजर बेटावर पावसाळा आलाच नाही म्हणायचा. अख्ख्या मोसमात २४ मिलिमीटर. गॅलापागोस द्वीपसमूहातला हा जेमतेम ३४ हेक्टरांचा उघडाबोडका ज्वालामुखी. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे शास्त्रज्ञ दांपत्य १९७३पासून इथल्या फिंच पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवत, चोची मोजत त्यांची खानेसुमारीच करत होतं. म्हणून कोण मेलं आणि कोण तगलं, हे नेमकं कळलं. मध्यम आकाराचे फिंच सुमारे १,२०० होते. उरले १८०च्या आसपास.

बारीक, मऊ बिया आधी फस्त झाल्या. मागे राहिली ट्रिब्युलसची काटेरी फळं, म्हणजे आपल्याकडच्या सराट्याचे भाऊबंद. अनवाणी पायात सराटा मोडलेल्याला त्याचा टणकपणा वेगळा सांगायला नको. फिंच हे फळ चोचीत धरून पिळतो, कोपऱ्याचा टवका उडवतो आणि आतल्या बिया टोकरून काढतो. जाड चोचीला हे साधतं. नाजूक चोचीचा पक्षी खटपट करून नाद सोडतो. माद्या चणीने लहान, त्यामुळे त्याच जास्त दगावल्या.

वाचलेल्यांच्या चोचीची सरासरी जाडी आधीच्यापेक्षा साधारण अर्धा मिलिमीटर जास्त भरली. ‘दुष्काळाने चोची वाढल्या’ असं यावर सर्रास लिहिलं जातं, पण वाढली एकाचीही नव्हती. बारीक चोचीचे गळाले, म्हणून सरासरी सरकली. खरी गंमत पुढच्या विणीत: चोचीची जाडी बऱ्याच अंशी आईबापांकडून येते, त्यामुळे पिल्लंही जाड चोचीचीच निघाली.

१९८३मध्ये एल निनोने बेट झोडपलं. वेली माजल्या, बारीक बियांची रेलचेल झाली आणि त्यानंतरच्या कोरड्या काळात लहान चोचवाल्यांचं फावलं.

२००४च्या आसपास पुन्हा दुष्काळ पडला. या वेळी मात्र जाड चोचीचे मध्यम फिंचच जास्त मेले. मधल्या काळात मोठ्या फिंचची जात बेटावर येऊन स्थिरावली होती आणि सराट्यांवर तिचा हात चांगलाच चालायचा. जाड चोचवाल्यांना वाटेकरी मिळाला. बारीक बियांवर भागवणारे तुलनेने निभावले. पुढे सराट्यांचाही खडखडाट झाला, तेव्हा मोठे फिंचही बहुतेक उपासमारीनेच गेले.